एका वेळी एकच

पाटोद्यात सुमनताईंच्या दुकानात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला त्या लोखंडी स्टुलावर बसवत आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगत. माणूस कुणीही असो. मास्तर, डॉक्टर, कापसाचा व्यापारी. दुरुस्तीला आणलेला लॅपटॉप त्याचा स्वतःचा, त्यामुळे सवयीनं त्याचा हात टेबलाकडं जायचाच. झाकण उचलून तो काहीतरी दाखवायला बघायचा. ताई मान वर न करता म्हणायच्या, "हात मांडीवर."

मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. "शेवटी कुनी हात लावलाय?"

लोकांना हा प्रश्न आवडत नसे. "माझ्याशिवाय कोण लावणार?" असं जरा घुश्शातच म्हणत. ताई गप्प बसून वाट बघत. थोड्या वेळानं त्या माणसाला आठवायचं की परवा मेव्हणा आला होता, त्यानं मागचे स्क्रू काढून बघितले होते. ताई ते वहीत लिहून घेत. मेव्हण्यासकट.

दुकान खताच्या दुकानामागच्या बोळात होतं. आधी तिथं शिंपी बसायचा. त्याची पाटी तशीच होती आणि तिच्याखाली ताईंनी खडूनं नव्हे, पण खडूसारख्याच पांढऱ्या रंगानं 'कंप्युटर दुरुस्ती' एवढंच लिहिलं होतं. ताई मेंढपाळाच्या घरातल्या. लहानपण डोंगरातल्या वाड्यावर, मेंढरांमागं गेलेलं. पुढं बीडला आयटीआय केलं, तेव्हा वर्गात मुलगी एकटी त्याच. नवरा एसटीत कंडक्टर. उंच, काटक बाई, पदर कमरेला घट्ट खोचलेला, कपाळावर भिंगाचा चष्मा. कुठलंही मशीन उघडण्याआधी त्या दुकानाच्या शटरला तळहात टेकवत. नवख्याला वाटायचं, बाई देवाला नमस्कार करतेय. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अंगातला करंट जातो, सर. लुगड्याचा बी करंट असतो."

त्यांची वही म्हणजे शाळकरी दोनशे पानी. डाव्या पानावर काय केलं ते, उजव्या पानावर काय झालं ते. एका ओळीत एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलून मशीन चालू झालं तर त्यांना आनंद होत नसे, उलट त्या अस्वस्थ होत. "कशानं झालं ते कळलंच न्हाई की मग. एका वेळी एकच," असं म्हणून त्यातली एक गोष्ट परत काढून बघत. गिऱ्हाईक बिचारं चालू झालेलं मशीन परत बंद पडताना बघत बसायचं.

आणि 'होईल' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्या 'बघू' म्हणत. किंवा 'गेलं' म्हणत. 'गेलं' म्हटलं की ते गेलेलंच असायचं.

एकदा मी प्रिंटर घेऊन बसलो होतो, तेव्हा एक जीप बोळाच्या तोंडाशी थांबली. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा माणूस उतरला. हातात लॅपटॉप. टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, पासवर्ड इसरलाय. तेवढं उघडून द्या."

ताईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. लॅपटॉप उलटा केला, बिजागरीपाशी बोट फिरवलं.

"ही मशीन माझ्या हातून गेलीय. साहेबांच्या सूनबाईंची हाय."

"घरातलीच की मग."

"सूनबाई तर माहेरी गेल्यात म्हनं."

तो माणूस हसला. मग हसायचा थांबला. "तुमाला काय करायच्यात चौकशा? उघडा म्हनलं की उघडा."

"त्यांना घिऊन या. त्यांनी सांगितलं तर उघडते. त्यांच्यासमोर."

"ताई, दुकान चालवायचं हाय ना हितं?"

"चालवतेच हाय की."

ताईंनी लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला, माझा प्रिंटर पुढं ओढला आणि त्याचे स्क्रू काढून पत्र्याच्या डबीत एकेक टाकायला सुरुवात केली. मोठ्यानं मोजत. एक, दोन, तीन. तो माणूस तिथंच उभा. मग त्यानं लॅपटॉप काखेत मारला, माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि गेला. जीप चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा ताई सातव्या स्क्रूवर होत्या. सात त्यांनी दोनदा म्हटलं. डबीत टाकताना स्क्रू खाली पडला आणि तो शोधायला त्या वाकल्या, तर बराच वेळ वर आल्या नाहीत. दुपारी चारलाच त्यांनी शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीच्या वेळेला दुकान उघडं होतं.

त्यामुळं माझ्यावर वेळ आली तेव्हा मी आधी त्यांच्याकडंच जायला हवं होतं. पण मी बीडला गेलो. मोठं दुकान, काचेचं दार, म्हणून.

वेळ अशी होती. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गावाकडं मेंढरं आणि थोडी शेती बघतात. त्यांना घशाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधी हातात अकरा दिवस होते. मी शाळेतून रजा काढून गावी गेलो आणि रोज एक फाइल याप्रमाणे दादांचा आवाज मोबाइलवर भरून घेतला. दादा आधी लाजले. मग बोलत गेले. आमच्या खापरपणज्यापासूनची नावं, कुठल्या रानाला काय म्हणतात, आजानं पहिली मेंढी कुठून आणली, मेंढरांना घातलेली हाळी, लेकीला सांगायच्या चार गोष्टी. अकरा फायली झाल्या. मी त्या लॅपटॉपमध्ये घेतल्या. पुढं तो मोबाइल विहिरीत पडला. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण आवाज लॅपटॉपमध्ये होता. आणखी एक प्रत काढून ठेवावी हे रोज पन्नास पोरांना शहाणपण शिकवणाऱ्या मला सुचलं नाही.

ऑपरेशन झालं. दादा वाचले. गळ्याला पुढून भोक, त्यावर मऊ फडकं. शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून पाटीवर सावकाश लिहून बोलायला शिकले.

वर्षभरानं लॅपटॉपची पिशवी मोटारसायकलवरून घाटात पडली. वरून काही दिसलं नाही, पण त्यानंतर तो मधेच अडकायला लागला. आतून टक्, टक् असा आवाज यायचा. महिन्याभरात चालूच होईना. बीडच्या दुकानातल्या मुलानं सांगितलं, हार्ड डिस्क गेली. त्यानं नवी बसवली. तर लॅपटॉप तिला ओळखेचना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, डिस्क सापडत नाही. त्यानं दोनदा काढून बसवली, मग म्हणाला, "मदरबोर्ड पण गेलाय सर, नवीनच घ्या." जुनी डिस्क त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली. "हिच्यातलं काय निघणार नाही. टाकून द्या."

मी वहिनींना फोन करून खरं ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमनताईंच्या दुकानी पोचलो, तर दादा आणि वहिनी बोळाच्या तोंडाशी उभे. मी बोलावलं नव्हतं. पहिल्या गाडीनं आले होते. दादांच्या काखेत पाटी.

ताईंनी तिघांना बसवलं. हात मांडीवर. मी सगळं सांगितलं, घाट, टक्-टक्, बीड. त्यांनी लिहून घेतलं. मग जुन्या डिस्कची पिशवी उचलली आणि आपल्या मागच्या फळीवर, सगळ्यांपासून लांब नेऊन ठेवली.

"होईल का बाई?" वहिनींनी विचारलं.

"बघू."

मला वाटलं होतं, ताई जुनी डिस्क आधी हातात घेतील. त्यांनी लॅपटॉप घेतला. नवी डिस्क त्यात होतीच. मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, डिस्कच्या नावापुढं काही नाही. काढून परत बसवली. काही नाही. मग ती नवी डिस्क त्यांनी आपल्या कंप्युटरला जोडली. दिसली. लगेच दिसली.

"नवी चांगली हाय," त्या म्हणाल्या आणि लिहिलं.

मग स्वतःची एक जुनी, चांगली चालणारी डिस्क लॅपटॉपमध्ये घातली. नाही. लॅपटॉपला तीही दिसेना.

मला राहवेना. "ताई, तुमचा कंप्युटर डिस्क वाचतोय ना? मग आमची जुनी त्यालाच जोडा की. लॅपटॉप गेला खड्ड्यात."

त्यांनी भिंगातून माझ्याकडं बघितलं. डोळे एवढे मोठे दिसले.

"सर, ती डिस्क खरंच मरायला लागली असली, तर तिला करंट द्यायची संधी एकदाच. तसं असंल तर मी तिला हात लावनार न्हाई. पुन्याला मोठ्या ठिकानी जाईल ती, हाय तशी. पन बिघाड लॅपटॉपमधल्या केबलचा असंल, तर डिस्कला नीट करंटच मिळत नव्हता आन् ती म्हनून टक्-टक् करत होती. मग ती कदाचित चांगली हाय. आधी मला कळू द्या कोन खोटं बोलतंय."

दादांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं. 'बरोबर'.

लॅपटॉप पूर्ण उघडला. बोर्डापासून डिस्कपर्यंत एक चपटी पट्टी जाते, फितीसारखी, बोटभर लांब. ताईंनी मशीन चालू करून ती पट्टी बोटाच्या टोकानं एका जागी हलकी दाबली. पडद्यावर डिस्कचं नाव आलं. बोट उचललं, नाव गेलं. परत दाबलं, आलं.

"ही बघा," त्या म्हणाल्या. भिंगाखाली पट्टीवर केसासारखी भेग होती.

म्हणजे आशा होती. पण खात्री नव्हती, आणि खात्रीसाठी त्यांना चांगली पट्टी पाहिजे होती. भंगाराच्या खोक्यात तीन सापडल्या. एक आखूड, बाकी दोन्हींचं टोक वेगळं. मग त्या फळीवरच्या एका लॅपटॉपपाशी थांबल्या. अगदी आमच्यासारखाच. एका ग्रामसेवकाचा, बोर्ड जळालेला, सहा महिने तिथं पडून.

"त्याच्यातली काढा की," मी म्हणालो.

"इचारते."

त्यांनी फोन लावला. उचलला नाही. पाच मिनिटांनी परत लावला. नाही. समोर हाताच्या अंतरावर पट्टी, आणि आम्ही फोनची रिंग ऐकत बसलेलो. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मी शेवटी जरा जोरातच बोललो, "ताई, ते मेलेलं मशीन आहे हो. तो माणूस कशाला नको म्हणेल?"

"न्हाई म्हननार न्हाई. म्हनून तर इचारायचं."

चौथ्या वेळी त्यानं उचलला. "घ्या की ताई, इचारता कावून?" एवढा मोठा आवाज की आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

पट्टी बदलली. बाकी काहीच बदललं नाही. नवी डिस्क घातली, मशीन चालू केलं. पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं आणि राहिलं. ताईंनी लॅपटॉप उचलून हलवला, टेबलावर जरा आपटला. नाव तिथंच.

मी उभा राहिलो. "चला, आता जुनी जोडा."

ताईंनी घड्याळ बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. "बारा ते दोन लाईट न्हाई. मंगळवार हाय आज."

त्यांच्याकडं बॅटरी होती, पण जुनी. मधेच दगा दिला तर? त्या अर्ध्यावर बंद पडण्याचा धोका घेणार नव्हत्या. बारा वाजता पंखा थांबला आणि आम्ही दोन तास त्या खोलीत तसेच बसलो. जुनी डिस्क फळीवर. वहिनींनी भाकरी सोडली, ताईंनी चटणी दिली. दादांना गिळायला वेळ लागतो. त्यांचं होईपर्यंत ताईंनीही आपली शेवटची चतकोर भाकरी हातात धरून ठेवली.

मग आपणहून बोलल्या. मला वाटतं, माझं तोंड बघून.

"माझ्या हातून एकदा एका मास्तरांचं मशीन जळालं. घाई केली मी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, पिना उलट्या बसल्या आन् धूर आला. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं समदं त्यात. फोटो, शूटिंग, समदं. मुलगी बाळंतपनात गेलती."

ताईंनी हातातली चतकोर उलटून बघितली.

"फोन करून सांगता आलं असतं. पन मी यष्टीत बसले आन् तेलगावला त्यांच्या घरी गेले. वसरीवर बसले होते. म्हनलं, सर, माझ्या हातून जळालं. तुमच्या मशीनचा काय दोष नव्हता. मला वाटलं, मारत्याल. त्यांनी पानी दिलं. बराच वेळ बसले अन् मग म्हनले, खरं सांगायला एवढ्या लांब आलात. मला ते मारल्यापेक्षा लई लागलं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तवापासून वही हाय."

दोन वाजून चार मिनिटांनी पंखा फिरला. ताई आणखी दहा मिनिटं थांबल्या, लाईट टिकते का बघायला. मग उठल्या, शटरला तळहात लावला आणि जुनी डिस्क पिशवीतून काढली.

"आता नीट ऐका. डिस्क लागली तर मी फाइल घेनार, एकेक करून. मधी आवाज आला तर बंद करनार. किती येतील सांगता येत न्हाई. म्हनून आधी कुठली पायजे ते आत्ताच सांगा."

हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच मनात धरला नव्हता. मी दादांकडं बघितलं. मला वाटलं, लेकीसाठीची म्हणतील, किंवा पूर्वजांची नावं. दादांनी पेन्सिल पाटीवर टेकवली आणि तशीच ठेवली. मग पाटी वहिनींच्या मांडीवर सरकवली.

वहिनींना लिहिता येत नाही. त्यांनी ती कोरी पाटी दोन्ही हातांनी धरली. "ज्याच्यात हे मला वरडतेत, ती," त्या म्हणाल्या.

मला आठवलं. चौथा दिवस. दादा आजाची गोष्ट सांगत होते आणि मधेच घराकडं तोंड करून पाण्यासाठी वहिनींवर ओरडले होते. मी ती जागा नंतर कापून टाकणार होतो.

"चौथी," मी ताईंना सांगितलं.

त्यांनी डिस्क आपल्या कंप्युटरला जोडली. आतून फिरण्याचा बारीक आवाज आला. आम्ही सगळे टक्-ची वाट बघत होतो. आला नाही. पडद्यावर नाव आलं. मग अकरा फायली, एकाखाली एक. वहिनींनी माझा दंड धरला.

चौथी फाइल. एरवी अर्ध्या मिनिटात यावी अशी, तिला सहा मिनिटं लागली. हिरवी पट्टी भरायची, थांबायची, परत भरायची. ताईंचा एक हात वायरवर, उपटायच्या तयारीत. आली. मग पहिली. दुसरी. तिसरी. पाचवी, लेकीची. सातव्या फायलीच्या शेवटाला टक् झालं. एकच. ताईंनी वायर काढली, आवाज खोलीतून जायच्या आत.

"सात आल्या," त्या म्हणाल्या. "आता तिला गार होऊ द्या." पंख्याखाली ठेवून त्यांनी तिच्यावर हाताचं मागचं अंग टेकवून बघितलं, ताप बघतात तसं.

तेवढ्या वेळात त्यांनी वहिनींना हेडफोन दिला. "आलेली चौथी बरोबर हाय का ते तुमी बघा." मी म्हटलं, तुम्हीच ऐका ना. "माझं काय काम त्यात?" असं म्हणून त्या बाहेर बोळात जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून.

वहिनी ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. दादा त्यांच्याकडं बघत होते. दोन-तीन मिनिटं गेली असतील. आणि एकदम वहिनी मोठ्यानं, भर दुकानात बोलल्या, "आनते की! हातात काम हाय न्हवं माज्या!"

मग त्यांच्या लक्षात आलं. हेडफोन तसाच कानावर, त्यांनी तोंडावर पदर घेतला. दादा हसले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, फक्त खांदे हलतात आणि गळ्यावरचं फडकं आतबाहेर होतं. ताई बोळात उभ्याच होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

अर्ध्या तासानं परत जोडली. आणखी दोन आल्या. दहावी अर्ध्यावर थांबली आणि टक्, टक्, टक् सुरू झालं. वायर निघाली.

"नऊ पुऱ्या. दहावी अर्धी," ताई दादांना म्हणाल्या, मला नाही. "आलेल्या नऊला आता काय होत न्हाई. अजून एकदा ओढू का? का पुन्याला पाठवायची?"

दादांनी पाटी पुसली. 'बास'. मग अकराव्या फायलीचं आठवून, त्याखाली हळूहळू लिहिलं, 'नावं मी लिहीन'. अकरावी म्हणजे पूर्वजांच्या नावांची. ती गेली होती.

आणि त्यांनी लिहिली. चौथी शिकलेल्या माणसानं पावसाळाभर बसून एक वही भरली. त्या वहीतलं एक नाव मला आजवर लागलेलं नाही, पण विचारलं की दादा हातानं म्हणतात, तसंच आहे.

त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षानं सुमनताईंनी दुकान बंद केलं. त्यांच्या उजव्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसायला लागली होती. पिनांची ओळ बघताना त्यांना ते कळलं. आधी वाटलं, पिनाच वाकल्यात. मग दुसरं मशीन बघितलं, तिसरं बघितलं, मग एक डोळा झाकून बघितलं. ज्या दिवशी खात्री झाली त्या दिवसापासून त्यांनी नवीन काम घेतलं नाही. जवळ असलेली मशीनं ज्याची त्याला फोन करून परत दिली. "मला दिसत न्हाई नीट, माझ्या हातून बिघडंल," असं स्वच्छ सांगत. लोक म्हणत, ताई, तुम्ही अंदाजानं केलं तरी चालेल. त्या नको म्हणत.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या एसटी स्टँडवर. लांबच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. बहिणीकडं, डोळ्याच्या उपचाराला चालल्या होत्या. किती दिवस ते ठाऊक नाही म्हणाल्या. मी खिडकीखाली उभा राहिलो. मी म्हणालो, "होईल बरं, ताई."

"बघू," त्या म्हणाल्या. मग, "सर, त्या आवाजाची दुसरी कॉपी काढली का?"

"काढली ना. तेव्हाच काढली."

"कुठं ठिवली?"

"कपाटात."

"अन् लॅपटॉप?"

मी खाली चपलेकडं बघितलं. त्यांनी मान तिरकी करून, चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"त्याच कपाटात?"

"हो."

"येडे का हो तुमी?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं सरकली, वळली, धूर सोडत फाटकाकडं निघाली. ताईंना माझ्यापर्यंत आवाज पोचणार नाही हे कळलं असावं. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि त्यांनी दोन बोटं वर धरली. एक माझ्या घराकडं दाखवल्यासारखं केलं, एक आमच्या गावाच्या दिशेनं. परत दोन बोटं. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो हात तसाच बाहेर होता.